कोठीतली बाई

नकाशे छापणाऱ्या प्लॉटरमधून कागद सावकाश बाहेर सरकत होता आणि त्यावर, एका बंगल्याच्या दारात, मी उभी होते.

आधी चपला आल्या. मग खांद्यावरची पिशवी – बंद तुटलेला, वर गाठ मारलेली. शेवटी डाव्या खांद्यावरून पुढं घेतलेली वेणी. पिशवीचा बंद त्याच सकाळी जिन्यात तुटला होता, आणि गाठ अजून मलाच रुतत होती. नोकरीचा माझा पहिला दिवस.

पलीकडे एक तरुण कागद झेलायला वाकला होता. त्यानं चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागद हातातून सोडून दिला.

"तुम्ही... इथं कशा?"

"नोकरीला. आजपासून. आणि ही इथं कशी?"

"ही तुमच्या आधीपासून इथंच आहे," तो म्हणाला, आणि लगेच माझ्या चपलांकडे बघू लागला.

माणूस पहिल्यांदा भेटला की त्याच्या नावावर काय मांडायचं ते मी तिथल्या तिथं ठरवते. याच्या नावावर मांडलं – लाजाळू, पण ओळख काढायची तऱ्हा नवी.

ऑफिस इमारतींचे नकाशे करायचं. दारं, खिडक्या, पलंग, झाडं, असं रोज लागणारं सगळं एकदाच काढून कॉम्प्युटरमध्ये एका जागी ठेवलेलं असे. त्या जागेला सगळे कोठी म्हणत, आणि ती सांभाळणाऱ्या या तरुणाला कोठीवाला. नकाशात पलंग हवा असला की कोठीतून आणून टेकवायचा. कोठीतल्या पलंगाची उशी बदलली की सगळ्या नकाशांतल्या सगळ्या पलंगांची उशी बदलायची. इमारत केवढी ते कळावं म्हणून दारात एक बाई उभी करत. तीही कोठीतलीच. एकदा काढलेली, आणि शेकडो दारांत उभी.

आणि ती बदलायची.

एका सकाळी सगळ्या दारांतल्या बाईच्या हातात छत्री आली. एक काडी वाकडी. संध्याकाळी, मी जिच्याकडे राहायचे त्या मावशीनं आपली जुनी छत्री माझ्या हातात कोंबली. "ने गं ही. उन्हात रापलीस तर तुझी आई मला धारेवर धरेल." छत्री उघडली. एक काडी वाकडी.

मग एकदा केस कापावेत असं माझ्या मनात आलं, नुसतं मनात, आणि दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या दारांतली वेणी गायब. आता न कापून सांगते कुणाला? कापले.

"मला रोज चितारता," मी कोठीवाल्याला गाठून म्हणाले, "आणि समोर आले की चपलांशी बोलता. हे बरं आहे."

"मी हात लावलेला नाही."

"मग कोण लावतं? उंदीर?"

"कोठीचा पासवर्ड माझ्या एकट्याकडे आहे," तो हळूच म्हणाला. "म्हणून तर झोप लागत नाही."

झोप लागत नाही... मी ते माझ्या बाजूला जमा करून टाकलं. दिवसभर जिन्यावरून उतरताना पाय हलके पडत होते.

भांडणही एकदा झालं. छत्रीच्याच दिवसांत एका पार्किंगच्या नकाशात तिची छत्री खांबात घुसत होती. कोठीपर्यंत कोण जाणार, म्हणून मी ती बाई तिथंच फोडली. म्हणजे तिच्या रेघा सुट्या केल्या आणि छत्री मिटवून टाकली. आमच्या धंद्यात याला क्षमा नाही.

"फोडलेली वस्तू कोठीची राहत नाही," तो माझ्या चपलांवर रागावला. "कोठीतला पुढचा एकही बदल तिला पोचत नाही."

"चला, एक तरी मी तुमच्या तावडीतून सुटले."

तो हसला नाही.

मग ती सकाळ आली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मालकीणबाई, केबिनमधून ओरडल्या, "अरे, माणसं कुठं गेली सगळी?" मी एक नकाशा उघडला. दार होतं, बाई नव्हती. दुसरा उघडला, तिसरा उघडला. शाळेच्या, दवाखान्याच्या, दुकानांच्या दारांत नुसती पांढरी जागा... जणू कुणी आत्ताच उठून गेलंय.

कोठीवाला माझ्या टेबलाशी आला. चेहरा कागदासारखा.

"आज जिना उतरू नका. रस्ता ओलांडू नका. इथून हलूच नका."

"मावशीला काय सांगू? कोठीत ठेवलंय म्हणून?"

"थट्टा नको." त्यानं खुर्ची ओढली. "तिच्या आधी दारात एक टोपीवाले गृहस्थ असायचे. माझे काका. ही कोठी त्यांनीच लावली. एक दिवस ते असेच सगळ्या नकाशांतून गेले. मला वाटलं, फाईल बिघडली असेल. दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत... नंतरही कधी नाही. मोकळी दारं बघवेनात, म्हणून मी कुणीतरी काढायला बसलो. हात चालत गेला आणि ही झाली. तुम्हाला तेव्हा पाहिलंही नव्हतं."

त्याच वेळी मला काहीतरी आठवलं.

"फोडलेलीला कुठलाच बदल पोचत नाही," मी म्हणाले. "जाण्याचा तरी पोचेल का?"

आम्ही पार्किंगचा नकाशा उघडला. खांबाशेजारी, मिटलेली छत्री घेऊन, ती उभी होती. एकटी. जुन्या वेणीची.

त्यानं तिच्या सुट्या रेघा एकेक करून गोळा केल्या, पुन्हा बांधल्या, कोठीत नेल्या. मग थांबला.

"ही जुनी आहे. आजची करायला हवी." डोळे पडद्यावर ठेवूनच त्यानं विचारलं, "भांग... कुठल्या बाजूला पाडता?"

मला रोज चितारणाऱ्याला माझा भांग माहीत नव्हता. म्हणजे चितारणारा खरंच तो नव्हता. मग इतके दिवस कोण?

"चपलांवर नाही लिहिलेलं," मी म्हणाले. "वर बघा."

त्यानं वर पाहिलं.

असं कुणी पाहिलं नव्हतं मला. भांग, कानामागची बट, हनुवटीवरचा जुना व्रण – एकेक घेत, सावकाश, चुकलं तर माणूस हातचा जाईल अशा भीतीनं. मी श्वास सोडायची विसरले. पडद्यावर रेघ उमटत होती, आणि रेघ थांबली की तो पुन्हा बघत होता. रेघ पुरी झाल्यावरही...

"झालं?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "बघून झालं नाही. होईलसं वाटत नाही."

"मग एकटीला उभी करू नका. पुन्हा निघून जाईन. थांबवायला कुणीतरी हवं शेजारी."

माऊस मी घेतला. त्याला काढायला मला वर बघावंही लागलं नाही. माझा हिशेब आधीच पुरा होता. चपलांकडे झुकलेली मान, दुमडलेल्या बाह्या, जरा लांब नाक.

"नाक एवढं आहे?"

"सेव्ह करते. आता शेकडो दारांत एवढंच राहणार."

त्या दिवशी मी जिना उतरले, रस्ता ओलांडला. तो मावशीच्या फाटकापर्यंत आला, दोन पावलं मागून. काही झालं नाही.

सकाळी मोठ्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "बाथरूमच्या दारातसुद्धा दोघं? काय चाललंय काय?"

कोठीवाल्यानं मला खुणेनं बोलावलं. पडद्यावर तेच दार, तेच दोघं. फक्त काल आम्ही दोघांमध्ये हातभर जागा ठेवली होती. आज ती नव्हती. त्यांनी एकमेकांचे हात धरले होते.

"मी हात लावलेला नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

कोण आमच्या पुढं पुढं चालत होतं, कळायला मार्ग नव्हता. भीती वाटली. खोटं कशाला सांगू? पण आजवर त्या बाईला मी कधी खोटं पडू दिलं नव्हतं.

मी हात पुढं केला.

"धर," मी म्हणाले. "उशीर होतोय."