बोगद्यातलं सिमेंट

बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरचा तो जुना दगडी बोगदा जतन करायचा की सुरुंग लावून उडवायचा, याचा निकाल दुसऱ्या दिवशी लागणार होता. निकाल देणाऱ्या समितीची मंडळी नाकाला रुमाल लावून बोगद्याच्या तोंडाशीच उभी राहिली आणि 'आतली कमान कुजली आहे' असं ठरवून मोकळी झाली. कमान धड असल्याचा पुरावा आणायला एक वास्तुतज्ज्ञ बाई निघाली. वाट दाखवायला तिचे मामा होते; त्यांची उभी हयात याच मार्गावर रूळ राखणाऱ्या टोळीत गेली होती.

काट्याकुट्यांतून वाट काढत दोघं आत शिरली. घोट्यापर्यंत वटवाघळांच्या विष्ठेचा चिखल! त्यात झुरळं वळवळत होती, आणि भिंतीचा आधार घ्यावा तर बुळबुळीत शेवाळ बोटांना चिकटत होतं. पण खरी शिसारी आली ती तीनशे पावलांवर. चुन्यात बसवलेल्या देखण्या घडीव दगडांवर कुणीतरी सिमेंट थापलं होतं. ते फुगून पुढे आलं होतं आणि भेगांतून पिवळट घाण झिरपत होती.

तिने हातोडीने ठोकलं. पोकळ आवाज आला.

"पाणी निचरायची भोकंच बुजवलीत. सगळं मागे तुंबलंय. कोण हा दीडशहाणा?"

मामा म्हणाले, "मीच. रूळ ओले व्हायचे, म्हणून भरली. साहेबांनी पाठ थोपटली होती."

रोगापेक्षा औषध भयंकर! क्षणभर तिला मामांचीही किळस आली, आणि तशी आली म्हणून स्वतःची लाज वाटली. तिने छिन्नी उचलली.

"वरून नको, सगळं अंगावर येईल," मामांनी पहार पुढे घेतली. "सगळ्यात खालचं भोक आधी. कुठे आहे ते मला ठाऊक आहे."

एक घाव. दुसरा. तिसरा... फसकन धार सुटली! सडका लोंढा छातीवर आदळला. मामा घसरले. तिने त्यांची कॉलर धरली. वर सिमेंट तडकलं. "मागे या!" ती ओरडली. दोघं मागे फेकली गेली आणि सिमेंटचा पापुद्रा धाडकन कोसळला! तोंडात गेलेली घाण थुंकता थुंकता ती भडाभडा ओकली.

मग तिने बॅटरी वर धरली. कमान जशीच्या तशी होती. सांध्याला सांधा, दगडादगडावर छिन्नीचे घाव स्पष्ट. तिने फोटो काढले.

बाहेर उन्हात बसून तिने अहवाल लिहायला घेतला. 'दगड उत्तम. नुकसान चुकीच्या दुरुस्तीमुळे.'

"कुणी केली, तेही लिही," मामा म्हणाले.

"राहू दे ना, मामा."

"लिही. नाहीतर उद्या दोष दगडांच्याच माथी मारतील."

तिने लिहिलं. त्याखाली मामांनी त्याच बरबटलेल्या हाताने सही केली.