एक घर मागे

"चार मिनिटं राहिली!" हातिमने खिडकीबाहेर काढलेलं डोकं आत घेतलं. "सूर्य समुद्राला टेकलाय. आता रोजा सोडायची तोफ होईल!"

"हळू बोल ना!" जुमाना त्याच्यावर डाफरली. "इथे जीव टांगणीला लागलाय आणि तुला तोफेची पडलीय!"

"सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही माझ्या!"

"माझ्याही नाही," बिशोय म्हणाला.

"तू ख्रिस्ती, तुझा कुठे रोजा असतो रे?"

"तुमच्यासमोर सँडविच खायची हिंमत होत नाही. म्हणजे माझाही झालाच की!"

एरवी जुमाना हसली असती. आज मात्र तिची नजर पटावरून हलत नव्हती. अलेक्झांड्रियाच्या अनफूशी वस्तीत, मासेमारीच्या जाळ्यांच्या दुकानावर त्यांचा बुद्धिबळ क्लब होता आणि तिथे सांघिक चषकाची अंतिम लढत चालली होती. चार पट मांडले होते. बारा वर्षांची जुमाना जिंकली होती. तेरा वर्षांच्या बिशोयने बरोबरी केली होती. हातिम राखीव खेळाडू होता. संघाचे कप्तान सफवतकाका तेविसाव्या चालीतच गारद झाले होते, आणि वर रोजाने डोकं दुखत होतं म्हणून सगळ्यांना सांगत सुटले होते. दीड-दीड गुण! चौथा डाव बरोबरीत सुटला असता, तरी चषक गतविजेत्या दमन्हूरकडेच राहणार होता. जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

तो डाव खेळत होते एकाहत्तर वर्षांचे उस्ताद वगदी. समोर होते दमन्हूरचे इंजिनियर रिफअत. मुलांना पहिली चाल शिकवली ती त्यांनीच. सकाळी जिन्यात त्यांनी मुलांना थांबवून सांगितलं होतं, "पोरांनो, हा माझा शेवटचा सामना. हल्ली माणसांची नावं आठवत नाहीत मला. उद्या डावही आठवायचा नाही. त्याआधी उठलेलं बरं."

पटावर आता तीनच सोंगट्या होत्या. दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एक घर. उस्तादांच्या राजाच्या मागे एक रिकामं घर आणि त्याच्यामागे त्यांचं एकुलतं एक प्यादं. चाल उस्तादांची होती.

धडाम्! तोफ झाली!

"थांबा!" पंच लुत्फींनी घड्याळ थांबवलं. "पटावरची स्थिती लिहून घेतो हं... आधी एक खजूर तोंडात टाकतो!"

त्या एका खजुरामागून मसूरडाळीचं सूप आलं, सुपामागून भरलेली कबुतरं आली आणि पंचांचा कागद कोराच राहिला! क्लबात जेवायला वेगळी टेबलं कुठली? जिथे डाव तिथेच पंगत. दमन्हूरवाले आणि अनफूशीवाले मांडीला मांडी लावून जेवले आणि नमाजाला गेले.

परत आल्यावर जुमानाने पटाकडे पाहिलं आणि बिशोयची बाही ओढली.

"बिशोय, प्यादं बघ."

"अरे! हे राजाच्या पाठीला कसं चिकटलं? मध्ये एक घर होतं ना?"

"होतंच! कोणीतरी पटाला हात लावलाय."

हातिमने कान खाजवले. "सफवतकाकांनी. सुपाचं पातेलं ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी पट उचलला. सोंगट्या गडगडल्या, त्या त्यांनीच घाईघाईने परत मांडल्या. मी पाहिलं."

"आणि आत्ता सांगतोस होय रे!"

"तोंडात कबुतर होतं!"

जुमाना थेट सफवतकाकांकडे गेली. काकांनी आधी कानावर हात ठेवले, मग हळूच तिला बाजूला ओढलं. "अगं बये, प्यादं एक घर पुढेच गेलंय ना? आपला फायदाच झाला की! गप्प बस!"

फायदा? जुमानाला रडूच आलं. राजे असे समोरासमोर ठाकले की ज्याला हलावं लागतं, तो फसतो. प्यादं मागे असेल, तर उस्ताद ते एक घर पुढे सरकवतील आणि हलायची पाळी समोरच्यावर येईल. प्यादं आधीच पुढे असेल, तर त्यांना राजाच हलवावा लागेल आणि हातातला डाव बरोबरीत जाईल! ती हे सांगायला तोंड उघडणार, इतक्यात बिशोयने तिला करकचून चिमटा काढला.

"एक अक्षर नको! चाल सुचवलीस तर डाव जाईल. प्यादं कुठे होतं, तेवढंच सांग."

उस्ताद खुर्चीत बसले. पटाकडे बघत त्यांनी कपाळ चोळलं. "मला वाटतं... हे मागे होतं."

"उस्ताद, वय झालं आता तुमचं!" सफवतकाका घाईघाईने म्हणाले. "होतं तिथेच आहे!"

"असेल बाबा," उस्ताद पुटपुटले. "माझ्या आठवणीचा काय भरवसा?" आणि त्यांचा हात राजाकडे गेला.

"थांबा!" जुमाना ओरडली. सगळे वळून बघायला लागले. "पंचकाका, ते प्यादं एक घर मागे होतं!"

"पुरावा?" पंचांनी विचारलं. दोन्ही खेळाडूंनी वेळ कमी उरल्यावर चाली लिहिणं सोडलं होतं. बेचाळिसाव्या चालीपुढे कागद कोरे होते.

"आम्हाला पाठ आहे. बिशोयला स्वयंपाकघरात पाठवा, मी इथे थांबते. दोघांनाही पुढच्या चाली वेगवेगळ्या विचारा!"

जुमानाने डोळे मिटले आणि ती एकेक चाल सांगू लागली. पंच लिहीत होते. पन्नासाव्या चालीवर ती अडखळली. उंट कोणी मारला होता? राजाने की प्याद्याने? मग तिला आठवलं, उंट उचलताना दमन्हूरच्या इंजिनियरसाहेबांनी सुस्कारा सोडत आपला राजा त्या घरात ठेवला होता. "राजाने!" ती म्हणाली आणि एकसष्टाव्या चालीपर्यंत न थांबता गेली.

पंच स्वयंपाकघरातून परतले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बोट खाली खाली सरकवत नेलं.

"तंतोतंत सारखे! प्यादं एक घर मागे होतं. इंजिनियरसाहेब, मान्य?"

दमन्हूरचे इंजिनियर रिफअत ढेरीवर हात ठेवून हसले. "पोरगी स्वतःच्याच संघाचं प्यादं मागे नेतेय, मी कशाला नाही म्हणू? न्या, न्या!"

"घरचा भेदी!" सफवतकाकांनी कपाळावर हात मारला.

प्यादं मागे गेलं. घड्याळ सुरू झालं. उस्ताद एकदा पटाकडे, एकदा जुमानाकडे बघत राहिले. जुमानाने चटकन मान खाली घातली, नजरेतूनही काही निसटायला नको!

मिनिट गेलं. दोन गेली. हातिम नखं कुरतडत होता.

उस्तादांनी प्यादं उचललं, एक घर पुढे ठेवलं आणि घड्याळ दाबलं.

इंजिनियरसाहेबांचं हसू मावळलं. ते पुढे झुकले, मागे रेलले, पुन्हा झुकले. आता हलायची पाळी त्यांची होती! त्यांचा राजा डावीकडे सरकला, तसा उस्तादांचा उजवीकडून पुढे घुसला. मग प्यादं निघालं, एकेक घर... आणि त्याचा वजीर झाल्यावर इंजिनियरसाहेबांनी आपला राजा आडवा केला.

"जिंकलो!" हातिम खुर्चीवर चढला. बिशोयने त्याला खाली ओढलं आणि दोघेही कोसळले!

"घाई मला नडली," इंजिनियरसाहेब जुमानाचा हात हातात घेत म्हणाले. "पण खरं सांगायला छाती लागते, मुली. चषक घालवून बसलो, तरी आज तुला सलाम!"

पंच लुत्फी खाकरले. "स्थिती मी लिहून घ्यायला हवी होती. पुढच्या वेळी आधी कागद, मग खजूर!"

सफवतकाका कान धरून उभे राहिले. "पट मी पाडला, आणि वर पोरीला भेदी म्हणालो. या तिघांमुळे आज क्लबची लाज राहिली!"

उस्ताद मात्र चषकाकडे बघतही नव्हते. हातात दोन्ही कागद घेऊन ते खालची ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते.

"म्हणजे ते प्यादं खरंच मागे होतं," ते हळूच म्हणाले. "मला बरोबर आठवत होतं."

"अगदी बरोबर!" तिघे एकदम म्हणाले. जुमानाचे डोळे भरून आले.

उस्तादांनी कागदांची नीट घडी करून खिशात ठेवली आणि एकदम आवाज चढवला, "मग असे बघत काय उभे राहिलात? पन्नासाव्या चालीला मी चुकलो होतो. मांडा पट, दाखवतो!"