पुसायचं राहिलेलं तोंड

काम तसं काहीच नव्हतं. एक पेटी आणायची होती.

कंदील खाली ठेव रे सुकदेव, डोळ्यांवर येतोय. वीज येईल तेव्हा येईल. तुमची तालीम थांबलीच आहे, तर बसा. तोंडाला रंग फासून एकमेकांना हसत होतात, ते बघून मला चुडामण आठवला. काय म्हणालास? भुताची गोष्ट का? ते तू ठरव बाबा. पुस्तकातलं सांगायला मला अक्षर येत नाही. मी पाहिलं तेवढं माझं, बाकीचं चुडामणनं मला सांगितलं.

अठ्ठ्याऐंशी साल. चैत्राची पुनव होऊन पाच दिवस झालेले. गुरुवार. मी तेव्हा तोतारामच्या तमाशात राहुट्या ठोकायला होतो. फड कसला, उरलंसुरलं खरकटं. नाचणाऱ्या बाया केव्हाच मोठ्या फडांत गेल्या होत्या. ट्रक ढकलल्याशिवाय निघत नव्हता. आणि वगातली राणी कोण? तर झिपरूनाना. साठीला टेकलेला गडी. ऐन उमेदीत तो पदर सावरायचा तसा सावरायला बायका शिकायच्या म्हणे. आता राणी आली की मागून ओरड उठायची, "आली रे आजी!" आणि केळीची सालं येऊन पडायची. नाना त्यातलं एक साल दोन बोटांनी उचलायचा, राणीच्याच ठसक्यात बाजूला ठेवायचा, आणि पुढचं बोलायचा.

नाना जुन्या चालीचा. सफेद्यात मुरदाडशिंग खलून तोंडाला लावायचा. चाळीस वर्षं ते विष अंगात मुरलं. हनुवटीखालची कातडी कुजली होती. रोज दुपारी तो घोटून दाढी करायचा, त्या जखमांवरूनच, आणि वर रंग. जवळ बसलं की खोबरेल तेलाचा वास यायचा आणि त्याच्या खालून दुसरा. कणगीमागं उंदीर मरून पडतो ना... तसा.

त्याची एक रीत होती. राणीचं तोंड तो आपल्या हातानं कधी पुसायचा नाही. शिष्यानं पुसायचं. तेल लावून, धोतराच्या मऊ फडक्यानं. म्हणायचा, "बाईले मी बोलावस. धाडाले दुसरा मानूस लागस." आपणच पुसलं तर ती जात नाही, असं त्याचं म्हणणं.

शिष्य म्हणजे हा चुडामण. पाचोऱ्याकडचा. एकोणीस वर्षांचं पोर, पण गालावर लव नाही. सोंगाड्या रुपचंद त्याला चिडवायचा, "चुडामण, तुझ्या वस्तऱ्याला गंज चढला असेल रे!" पोर लाल व्हायचं. तीन वर्षं त्यानं नानाचं तोंड पुसलं, श्वास रोखून. एकच आशा, एक दिवस राणी आपण करायची. विचारलं की नाना म्हणायचा, "आजून नही. आधी पुसाले शिक."

तर त्या गुरुवारच्या आधीच्या सोमवारी, साक्रीच्या पुढं डोंगराकडच्या एका गावच्या जत्रेत, नाना खेळ चालू असताना पडला. लोकांना वाटलं सोंग आहे. आजी घसरली म्हणून शिट्ट्या वाजल्या. आम्ही त्याला उचलून देवळामागच्या पडवीत निजवला. अंग तव्यासारखं. त्याची ती रंगाची पेटी त्यानं खुणेनं उशाला मागून घेतली. चुडामणनं फडका तेलात बुडवला, हनुवटीला लावला. रंगाबरोबर कातडी आली. फडक्याला चिकटून, लांब... दुधावरची साय येते तशी.

चुडामण बाहेर पळाला. पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकला. परत आला तो पायरीवरच थांबला. नानानं हनुवटी वर करून ठेवली होती. डोळे मिटून. पुसायला.

"सकाळी पुसतो, नाना," चुडामण म्हणाला.

सकाळ कसली! पहाटे चारला तोतारामनं सगळ्यांना हलवून उठवलं. नानाला दवाखान्यात न्या म्हटलं कोणीतरी, तर म्हणाला, "नेऊन मेला तर आपण तिथंच अडकू. असू द्या इथं. गाव बघेल." राणीचं सगळं त्या पेटीत होतं. रंग, गंगावन, नथ. पण पेटी ओढली तर नाना जागा होईल, म्हणून तीही सोडली. मी काय करत होतो, विचारा ना. मी राहुटीच्या मेखा उपटत होतो. हळूहळू. आवाज होऊ नये म्हणून. त्या पहाटेची चव अजून तोंडाला येते रे. मग जेवण जात नाही.

आमचा तळ पडला साक्री-धुळे रस्त्यावर. शुक्रवारी खेळ. गुरुवारी दुपारी तोतारामनं चुडामणला बोलावलं.

"उद्याची राणी तू. जा, पेटी घेऊन ये."

"आणि नाना?"

"पेटी म्हटलं मी."

चुडामण नंतर मला म्हणाला, "भाऊ, मला आधी आनंद झाला. अंगावर काटा आला आनंदानं. नानाचं नंतर आठवलं."

यष्टी वाटेत पंक्चर झाली. फाट्यावर उतरला तेव्हा नऊ वाजून गेले होते. फाट्यापासून गाव कोसभर. चांद निघायला अकरा वाजायचे. जत्रा उठून गेली होती. पत्रावळी, चिरमुरे, कुठं बोकडाचं आतडं पडलेलं, त्यावर कुत्री. तो देवळामागं गेला. पडवीत दिवा नव्हता.

नाना भिंतीला टेकून बसला होता. तोंड अंधारात. पेटी शेजारी.

"चुडामण... वना का रे?"

"हो, नाना."

"पुशी दे रे भाऊ. बठ्ठं तोंड जळस. तेल शे पेटीमा."

आवाज नेहमीचाच. खोबरेलाचा वास होता. खालचा तो दुसराही. आज जास्त. चुडामणनं पेटी उचलली. हाताला हात लागू नये म्हणून लांबच्या कडीला धरून. नानाला कळलं ते. त्यानं हात आत ओढून घेतला.

"उद्या पुसतो, नाना. उद्या खेळ आहे. खेळ झाला की येतो."

 

नाना म्हणाला, "बरं. खेळ व्हयना म्हनजे पुस."

इतकंच. रागावला असता तर बरं झालं असतं, चुडामण म्हणाला.

पेटी खांद्यावर घेऊन तो निघाला. गावाच्या शेवटच्या घरापाशी एक बाई कंदील घेऊन उभी. केसरबाई. देवळाची झाडलोट करणारी.

"कोन शे रे? पेटी कोठे ली चालना?"

"मी फडातला. नानांनी दिली."

"कोनी?"

"झिपरूनानांनी. पडवीत बसलेत ना."

केसरबाईनं कंदील वर केला. त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"तो ते काल दुपारमाच गया ना रे भाऊ."

बाई सांगत राहिली. दोन दिवस ती त्याला पाणी पाजत होती. संध्याकाळी चार माणसांनी नेऊन जाळला. तोंड पुसायला एकही जण पुढं झाला नाही. किळस आली सगळ्यांना. तिलाही आली. रंगासकटच चितेवर ठेवला. आज सकाळी तिनं पडवी शेणानं सारवली होती. पेटी भिंतीला लावून ठेवली होती, कोणी आलं तर न्यावी म्हणून.

"तुमी लोक," ती म्हणाली, आणि बाजूला थुंकली. "जाय. ली जाय तुनी पेटी."

चुडामण कसा आला, कोणत्या ट्रकात बसला, त्याला आठवत नव्हतं. पहाटे तळावर पोचला. मला सगळं सांगितलं. तोतारामला सांगितलं तर तो म्हणाला, "पेटी आणलीस ना? मग झालं."

शुक्रवारी रात्री चुडामणनं ती पेटी उघडली. झाकणाला आतून आरसा होता. मुरदाडशिंगाचा रंग त्यानं स्वतःच्या तोंडाला लावला. पहिल्यांदा. मी कनातीला टेकून खेळ बघत होतो. पोरांनो, राणी आली आणि मागची ओरड बंद झाली. एक साल पडलं नाही. तो पदर त्याला कोणी शिकवला नव्हता. नानानं नव्हता शिकवला, मला माहीत आहे. शेवटी लोक उभे राहिले. तोताराम रडला, म्हणाला, "फड वाचला रे."

खेळ सुटल्यावर चुडामण राहुटीच्या दारात आला. रंग तसाच.

"भाऊ, तोंड पुसून देता का?"

मी तोंडाकडं पाहिलं. तोच वास आला. तेलाचा... आणि खालचा. एकोणीस वर्षांच्या पोराला.

"थांब," मी म्हणालो. "कनात उतरवून येतो."

हो. मी पण तेच म्हणालो.

कनात उतरवायला मी खूप वेळ लावला. मुद्दाम. दीड वाजला असेल. चांद वर आला होता. राहुटीपाशी आलो तर आत बोलणं. म्हणजे एकाचंच बोलणं.

"दुखतंय का, नाना? हळू पुसतो."

मग काही नाही.

"हनुवटी वर करा."

फटीतून बघितलं. चुडामण पेटीसमोर बसला होता. एकटाच. झाकण उघडं, आरसा त्याच्याकडं. आरशाची पाठ माझ्याकडं. स्वतःच्या तोंडावरून फडका फिरवत होता. पण असा... जसा दुसऱ्याचं पुसतोय. आजारी माणसाचं पुसतात तसं. मधेच त्याला उमासा यायचा. ओकारीचा. तो गिळायचा. परत पुसायचा. श्वास रोखला नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी आत गेलो नाही.

किती वेळ गेला...

"झालं, नाना," तो म्हणाला. आणि पेटी मिटली.

सकाळी चुडामण नव्हता. रात्रीच चालत निघून गेला होता, पाचोऱ्याकडं. पुन्हा कधी रंगाला शिवला नाही. तोताराम शिव्या देत बसला. तो फड पावसाळ्याआधी मोडला.

फडका पेटीवर घडी करून ठेवलेला होता. धुवावा म्हणून मी उचलला. चिकट होता. उलगडला, उन्हात धरला.

रंग होता. आणि रंगात केस.

आखूड. टोचणारे. पांढरे.

दोन-तीन दिवस वस्तरा न लागलेल्या दाढीचे असतात, तसे.