बिब्ब्याचा डाग

वॉर्डाच्या दारात तेजस्विनीची आणि त्याची टक्कर झाली, आणि त्याच्या हातातला चहा तिच्या कोशाच्या रेशमी ओढणीवर सांडला. आंधळगावच्या मागावर तिच्या बाबांनी स्वतः विणलेली ओढणी होती ती. एरवी तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं. पण तो दिघोरीच्या ललिताबाईंचा मुलगा प्रितम होता, पुण्याहून धावत आलेला, आणि आत ललिताबाई तापाने फणफणत होत्या.

"माफ करा, डॉक्टर मॅडम. आई कशी हाय?"

"औषधं चालू आहेत," ती नजर चुकवून म्हणाली.

औषधं चालू होती, पण ताप काही हटत नव्हता. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइड नाही. सकाळपासून बाई बरळायला लागल्या होत्या. नागपूरला हलवायचं, तर एवढा रस्ता त्यांना झेपेल का... याच विचाराने तिचा जीव टांगणीला लागला होता.

प्रितम तिच्या मागोमाग डॉक्टरांच्या खोलीत आला आणि त्याने लॅपटॉप उघडला.

"इंटरनेटवर पाहून मले शिकवाले आले का तुमी?" तिच्या तोंडून घरची बोली निसटली.

तो कसनुसा हसला. "नाही जी. माझं कामच हे हाय. आजारांवरच्या संशोधनाचे लाखो लेख असतात, हा प्रोग्राम ते शोधते. आपण बोलतो तसं लिहिलं तरी त्याले समजते. निदान तुमीच करा, पण विचारून तर पाहा."

त्याचे डोळे जागरणाने लाल झाले होते. तिला नाही म्हणवेना. तिने खुर्ची ओढली आणि लिहिलं : ताप, डोकेदुखी, अंगदुखी. लेखांचा ढीग पडला, सगळे मलेरिया-डेंग्यूचे.

"एवढं तर मलेही माहीत हाय."

"सगळ्याइले असते तेच लिहिलं ना तुमी. वेगळं काही दिसलं असेल, तर तेही लिहा."

"काहीच नाही..." ती थांबली. "काखेत एक काळा डाग आहे. पण तो बिब्ब्याचा. अंग दुखलं का आपल्याकडं सारेच लावतात. माझ्या आईच्या पाठीवरही हायेत."

प्रितमचा चेहरा पांढराफटक पडला.

"मॅडम, आईले बिब्बा उतते. अंग सुजते तिचं. आमच्या घरात बिब्बा येतच नाही."

रोज तपासताना तेजस्विनीने तो डाग पाहिला होता, आणि रोज ओळखीचा म्हणून सोडून दिला होता. तिने पुन्हा लिहिलं : ताप, काखेत न दुखणारी काळी खपली, शेतात गवत कापणारी बाई. या वेळी वरचे सगळे लेख एकच नाव सांगत होते... स्क्रब टायफस. गवतातला बारीक किडा चावल्याने होणारा ताप.

ती वॉर्डाकडे धावली. खपली नीट निरखली, नागपूरच्या वरिष्ठांना फोन लावला, रक्त तपासायला पाठवलं आणि अहवालाची वाट न बघता त्यांनी सांगितलेलं औषध सुरू केलं. मग उरलं फक्त वाट पाहणं. बाकावर तो आणि ती, मधे एका माणसाची जागा सोडून.

"उशीर तर नाही झाला?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "झाला असेल तर माझ्यामुळं झाला."

तो मधल्या रिकाम्या जागेत, तिच्याजवळ सरकला.

ताप उतरला तो दुसऱ्या दिवशी. ललिताबाईंनी डोळे उघडून आधी पेज मागितली, मग धान कापायला आलं का ते विचारलं. तेजस्विनी बाहेर व्हरांड्यात जाऊन मनसोक्त रडली.

घरी सोडायच्या दिवशी बाई रिक्षात बसल्या, तरी प्रितम दाराशी घुटमळत होता. उद्या तो पुण्याला जाणार होता. तिच्या खांद्यावर तीच कोशाची ओढणी होती.

"डाग गेला नाही वाटते..." तो म्हणाला. "कायचा हाय, ते तुमीच सांगा. डाग पाहून अंदाज करणं मी सोडलं आता."

"चहाचा हाय," ती म्हणाली. या वेळी तिने नजर चुकवली नाही. "धुतला असता तर गेला असता. मीच नाही धुतला."

रिक्षातून आईने हाक मारली. त्याने ऐकली, पण पाय काही हलेनात.