वरचं माझं, खालचं तिचं

“खून झालाय,” म्हातारे गृहस्थ म्हणाले आणि बसण्याआधी त्यांनी खिशातल्या रुमालाने खुर्ची पुसली. आधी बैठक, मग पाठ, मग दोन्ही हात.

कंपाउंडरच्या कपाळाला आठी पडली. ती खुर्ची त्याने सकाळीच झटकली होती.

“कुणाचा?” चौकशीबाईंनी विचारलं. आवाज असा, जणू घरात साखर शिल्लक आहे का विचारताहेत. टेबलाखाली त्यांनी चपला काढून सुजलेली पावलं गार फरशीवर टेकवली होती. खासगी तपासाची आठवड्यातली ही चौथी केस. आधीच्या तिन्हींत शेवटी घरातलंच माणूस निघालं होतं आणि बाईंना शीण आला होता तो त्याचाच.

“माझ्या पाइनचा. एकतीस वर्षांचा होता.”

कंपाउंडरने वहीत लिहिलं : पाइन, वय एकतीस. मग पेन्सिल अडली. “आडनाव?”

“झाड आहे हो ते! बोन्साय!”

बाई हसल्या नाहीत, पण त्यांची पावलं चपलांत परत शिरली. म्हणजे केस घेतली. तीस वर्षं दवाखान्यात पुड्या बांधून निवृत्त झालेल्या कंपाउंडरला बाईंच्या डोक्यातलं काही कळत नसे. पावलांचं मात्र बरोबर कळे.

गृहस्थ जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. एका डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी होती, मोतीबिंदू काढलेला. त्यासाठी ते नऊ दिवस बहिणीकडे, हॉस्पिटलजवळ राहिले होते.

“निघालो त्या सकाळचा हा फोटो. बघा, कसा हिरवागार. परत आलो तर तांबडा, केरसुणीसारखा! पाणी घालायचं काम सुनेकडे होतं. गच्चीवर कपडे धुते ती, साबणाचं पाणी ओतलं असणार. मी मुलाला सांगून टाकलंय, रविवारी वरची खोली रिकामी करा. फक्त तुमच्याकडून कागदावर हवंय. नाहीतर मुलगा मलाच वेड्यात काढेल.”

रविवार म्हणजे उद्या.

गच्चीवर ऊन नुसतं भाजत होतं. मधोमध लाकडी चौरंगावर तो पाइन उभा होता. हातभर उंची, पण खोडाचा बाक असा, की जणू डोंगराच्या टोकावर वादळं खात म्हातारा झालाय. सुया मात्र सगळ्या गंजलेल्या.

बुंध्याशी शेवाळं पसरलं होतं, ओलं, टवटवीत. बाईंनी ते बोटाने उचलून पाहिलं. खाली स्वच्छ धुतलेली बारीक खडी. त्यांनी वास घेतला आणि कंपाउंडरपुढे धरला.

“साबण?”

“नाही,” कंपाउंडर हुंगून म्हणाला. “कसलाच नाही. मातीचासुद्धा नाही.”

“कुंडी उचला जरा.”

उथळ कुंडी, पण वजन मेलं दगडासारखं. झाड हलू नये म्हणून तळाच्या भोकांतून तांब्याची तार ओवून बांधली होती. नवी कोरी, लखलखीत. शेजारी आणखी एक पाइन होता, वीतभरच. त्याच्या तळाची तार पार काळी पडलेली. टोकांना मात्र पिवळसर कोंब ताठ उभे होते.

“हा धाकटा. पुढच्या आठवड्यात ह्याची पाळी,” घड्याळजी म्हणाले. “मंडळी गेली त्याला दीड वर्ष झालं. आमची वाटणी ठरलेली होती. वरचं माझं, खालचं तिचं. फांद्या मी वळवायचो, मुळं ती बघायची. मला त्या चिखलात हात घालवत नसे.”

नळापाशी साबणाची वडी होती. तिच्याजवळ दात घासायचा एक जुना ब्रश. केसांत माती वाळलेली.

साबण सापडला! कंपाउंडरने घाईघाईने टिपून घेतलं आणि साबणाखाली दोन रेघा मारल्या. ब्रशचंही लिहिलं, पण रेघ नाही मारली. कुंड्या घासायचा असेल, झालं.

खाली दारापाशी दोन बॅगा, त्यांच्यावर एक उशी आणि शेजारी पायरीवर सून बसली होती. तक्रार केंद्रात फोन घ्यायची नोकरी. नुकतीच घरी आली होती, कानावर हेडफोनचा वळ तसाच.

“विचारा,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “दिवसभर परक्यांच्या शिव्या ऐकते, संध्याकाळी घरच्या. तुमच्याही ऐकेन.”

“पाणी रोज घातलंत?”

“पहिले दोन दिवस. बाबांनी लिहून दिलं होतं, रोज एक वाटी. बाकीच्या कुंड्या संध्याकाळपर्यंत कोरड्या ठणठणीत, ही मात्र ओलीच्या ओली. मग मी बोट लावून बघायला लागले. सासूबाई तसंच करायच्या. ओली असली की घालायचं नाही.”

“त्यांच्याबरोबर असायचात का गच्चीवर?”

“कपडे वाळत घालताना. त्या मुळं कापत बसायच्या आणि मी गप्पा हाणायचे.” तिने डोळे उघडले. “मी मारलं नाहीये ते. पण आता सांगून सांगून दमले. नवरा ट्रकवर, नऊही दिवस तिकडेच. फोनवर म्हणतो, जमवून घे. कशाशी जमवून घेऊ? झाडाशी?”

तिसरा माणूस शेजारचा. निवृत्त ड्रॉइंगमास्तर, स्वतःही बोन्सायवाला. दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढा कठडा. घड्याळजींचा पाइन त्याने तीनदा मागितला होता आणि तिन्ही वेळा तोंडघशी पडला होता.

मास्तरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. फुलदाणीत पाइनच्या फांद्या खोचलेल्या. कंपाउंडरने हात लावला. सुया टोचल्या.

“ताज्या आहेत?” बाईंनी विचारलं.

“कसल्या ताज्या! छाटल्या त्याला सव्वा महिना झाला. टाकायचा कंटाळा.”

टेबलावर एक झाड कुंडीतून काढून ठेवलं होतं. मुळांत पांढरी जाळी पसरलेली. कंपाउंडरने तोंड वाकडं केलं. “बुरशी लागली की हो!”

“हात लावू नका!” मास्तर ओरडलाच. “पाइनला ती लागतेच. त्याच्या मुळांना पाणी पाजते ती.”

“कठड्यावरून पलीकडे गेला होतात?” बाईंनी सरळ विचारलं.

मास्तर खाली बघत राहिला. “चौथ्या दिवशी. नुसतं बघायला. धाकट्याचे कोंब वर आलेले, थोरल्याचा एकही नाही. मला कळलं, काहीतरी बिनसलंय. सांगायला हवं होतं सुनेला. नाही सांगितलं. मला... बरं वाटलं. लिहून घ्या हवं तर.”

कंपाउंडरने लिहिलं आणि खोडलं.

बाहेर आल्यावर बाई जिन्यातच बसल्या. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

“मास्तरच ना?” कंपाउंडरने दबकत विचारलं. “कबूल झाला की जवळजवळ. की साबण?”

“कंपाउंडर, मला सगळं कळलंय. आता उठून ते सांगायचं आहे ना, तेवढं काम कुणीतरी माझ्याकडून काढून घ्या.”

पण घेणार कोण? उन्हं उतरल्यावर सगळे गच्चीवर जमले. मास्तर फुलदाणी घेऊन आला, बाईंनीच आणायला सांगितली होती. सून कठड्याला टेकून उभी. घड्याळजींनी बाईंसाठी स्टूल पुसलं.

“साबण नाही,” बाई म्हणाल्या. “विष नाही, पाण्याचा दुष्काळही नाही. यातलं काहीही असतं, तर आधी शेवाळं गेलं असतं. ते मजेत आहे.”

“मग पाणी जास्त झालं असेल,” घड्याळजी म्हणाले.

“पाणी दोनच दिवस घातलं, तरी कुंडी वाळेना. पहिल्या दिवसापासून. बाकीची झाडं पीत होती, हे पीत नव्हतं. मुळं तेव्हाच मेलेली होती.”

“अशक्य! तुम्ही फोटो बघितलात. हिरवागार होता!”

बाईंनी फुलदाणीतली फांदी उपसून त्यांच्या हातात दिली. “हिलासुद्धा बघा. सव्वा महिना झाला कापून. मूळ नाही, खोड नाही, तरी हिरवी. पाइन मेल्याचं लवकर सांगत नाही. तुम्ही फोटो काढलात तो मेलेल्या झाडाचा.”

कंपाउंडरचा आ वासलेला. त्याने स्वतः त्या सुया टोचून घेतल्या होत्या!

“म्हणजे नऊ दिवसांत कोण कुठे होतं, हा प्रश्नच संपला,” बाई सावकाश म्हणाल्या. “त्याआधी मुळांना कुणी हात लावला, एवढंच उरलं. धाकट्याच्या तळाची तार काळी. थोरल्याची लखलखीत. म्हणजे हल्लीच कुणीतरी झाड काढून परत बांधलं. खडी अशी, की मातीचा कण नाही. नळापाशी ब्रश.” त्या थांबल्या. पुढचं बोलायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं. “तो ब्रश कुणाचा?”

“माझा,” घड्याळजी म्हणाले. त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटलंच नव्हतं. “महिन्यापूर्वी कुंडी बदलली. मंडळी गेल्यावर पहिल्यांदाच. धाकट्याचीही पुढच्या आठवड्यात बदलणार होतो. काढून बघतो तर मुळांना पांढरी बुरशी. तिच्या हातचं झाड आणि त्याला बुरशी? भिंग लावून एकेक मूळ घासलं, नळाखाली धुतलं. घड्याळाचं चाक धुतो तसं. कण ठेवला नाही. माझे डोळे असे, तरी कण...”

ते थांबले. मास्तर दुसरीकडे बघायला लागला.

“तुम्ही सांगितलं नाहीत,” कंपाउंडर पुटपुटला.

“साफसफाई ती. त्यात सांगण्यासारखं काय?”

शेवटी सूनच बोलली, भिंतीकडे बघत. “सासूबाई जुनी माती थोडी तशीच ठेवायच्या मुळांना. ती पांढरी जाळीवाली. नवीन खडीत मूठभर मिसळायच्यासुद्धा. मी विचारलं होतं, कशाला ही घाण? तर म्हणाल्या, नवीन घरात एकतरी ओळखीचं माणूस नको का?”

घड्याळजींचा हात खिशाकडे गेला. रुमाल डोळ्याकडे निघाला.

“ऑपरेशनचा डोळा! चोळू नका!” कंपाउंडर धावला. तीस वर्षांची सवय.

“दुसरा पुसतोय,” घड्याळजी म्हणाले.

ते धाकट्या पाइनकडे वळले. मग मान न वळवता म्हणाले, “ह्याचं... खालचं तू बघशील?”

“आज नाही, बाबा,” सून म्हणाली. “पाठ मोडून आलीये माझी. उद्याचं उद्या बघू.” आणि खाली आपल्या खोलीत निघून गेली. दार लावल्याचा आवाज आला. आपटल्याचा नाही.

चौकशीबाई आणि कंपाउंडर खाली उतरले, तेव्हा घड्याळजी त्यांच्या पुढे होते. दारापाशी वाकून त्यांनी एका बॅगेच्या पट्ट्याला हात घातला.

“अहो, वजन उचलायचं नाही!” कंपाउंडर परत ओरडला. “डोळा जाईल!”

घड्याळजींनी बॅग सोडली. मग वरची उशी काखेत घेतली, न पुसता, आणि कठडा चाचपत जिना चढायला लागले.

“उशी तरी नेऊन देतो,” ते म्हणाले. “झोपायला लागेल तिला.”