पन्ह्याचं पाणी

चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, लग्नानंतरचं माझं पहिलं. कैऱ्या उकडून झाल्या होत्या, डाळ वाटून झाली होती. फक्त पन्ह्याला पाणी नव्हतं. पुण्याजवळ मांजरीतल्या आमच्या सोसायटीच्या जाहिरातीत धबधबा आहे; नळाला धार मात्र टँकर येईल तेव्हा. माझा नवरा, दिग्विजय, आतल्या खोलीत दार लावून लंडनच्या ऑफिसशी बोलत होता.

सासूबाई बायकांना माझी ओळख करून देत होत्या. "माहेर जालन्याकडचं. वडील नाहीत, हार्टने गेले." मग माझ्याकडे बघून, "हो ना गं?"

लग्न जमवतानाच हे ठरलं होतं. खरं कुणाला सांगायचं नाही.

"हो," मी म्हणाले.

तेवढ्यात स्वयंपाकघराकडून पाणी ओतल्याचा आवाज आला. एक तांब्या... थांबून, दुसरा. कुणीतरी फार जपून ओतत होतं.

ड्राय बाल्कनीच्या दाराला आतून कडी होती. काढली. बाहेर बादली, काठोकाठ भरलेली. आमच्याकडे सगळ्या बादल्या प्लॅस्टिकच्या. ही पत्र्याची, कडी सुतळीने बांधलेली, वर पंचा घडी करून ठेवलेला. तापलेल्या ढेकळांचा वास आला...

आमच्या गावी दुष्काळात बाजेवर बसून अंघोळ करतात. खाली घमेलं ठेवतात, त्यात साठेल त्यावर धुणं. माणशी एक बादली. बाबांनी जीव दिला त्या सकाळी ते अंघोळीला बसलेच नाहीत. आपल्या वाट्याची बादली, वर पंचा घालून, आमच्यासाठी ठेवून गेले. विहीर आटल्यावर द्यायला तेवढंच उरलं होतं.

"पन्हं करतेस, की आंब्याचं झाड लावतेस?" बाहेरून सासूबाई.

दुसरं पाणी नव्हतंच. मी पंचा दोरीवर टाकला आणि बादली आत घेतली.

शेजारच्या दुर्गाबाईंनी पेला संपवला. "काय चव आहे गं. पाणी कुठलं हे?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. सासूबाई जरा जास्तच. ओठांवर आलं होतं... माझ्या बाबांचं.

"टँकरचं," मी म्हणाले.

रिकामे पेले घेऊन आत आले. एवढ्या जणींचं पन्हं होऊनही बादली काठोकाठ होती. पंचा दोरीवर नव्हता. पुन्हा बादलीवर, तशीच घडी.

घसा सुकला होता. पंचा सारून मी पेला बुडवला, मनगटापर्यंत. हाताला गार लागलं.

वर काढला. पेला कोरडा होता. हातही.