उतारावरचा आवाज

गाडी दरीत गेली तेव्हा इंजिनाचा आवाजच नव्हता. मांजरसुंब्याच्या घाटात मेंढरं चारणाऱ्या म्हाळूने फौजदार ऋतुजाला पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. "चाकांची सरसर आली फकस्त. भुतानं ढकलल्यावानी."

केजचा किराणा दुकानदार मृत्युंजय गाडीत मेलेला सापडला. डोकं फुटलं होतं. ऋतुजाने आत वाकून पाहिलं. गिअर न्यूट्रलमध्ये होता. ही गोष्ट तिने स्वतःपाशीच ठेवली.

घरी त्याची बायको शिवकन्या भिंतीला टेकून बसली होती.

"डोळा लागला की ती गाडी येती, मॅडम. आवाज न करता. मीच मारलं ह्यांना. मायलेजवरून लई डोकं खायची. जुन्या जीपला घाटात न्यूट्रल करायचे, तसंच केलं असंल."

"ही गाडी कशी निवडली?"

"तीन गाड्या चालवून बघितल्या. लोक रंग बघत्यात, हे इंजिन किती फिरतंय त्यो आरपीएमचा काटा बघायचे. ऐंशीच्या स्पीडला जिचा काटा खाली राहिला, ती घेतली."

"घाट उतरताना?"

"गुरगुरायची. उतारावर का वरडती म्हणलं, तर स्क्रीनवरच्या मायलेजवर बोट ठेवून हसायचे."

दुकानातला भागीदार, मृत्युंजयचा चुलतभाऊ चन्नप्पा चहा घेऊन आला.

"तुम्ही या गाडीत बसला होतात?"

"एकदाबी न्हाई. दुकानाच्या जागेवरून आमचं बोलणंच बंद होतं. पण सवय कुठं जाती? घाट आला की न्यूट्रल. जीव गेला, गिअर न्यूट्रलमधीच राहिला बघा."

ऋतुजाने कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तशीच एक गाडी तिने स्वतः घाटातून उतरवून पाहिली. मग दोघांना ठाण्यात बोलावलं.

"नवी गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की उतारच इंजिन फिरवतो. काटा चढतो, गाडी गुरगुरते, पण इंधन बंद असतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. मृत्युंजयने हे स्क्रीनवर पाहिलं होतं. तो न्यूट्रल करणार नाही. म्हाळूला तर गुरगुर ऐकूच आली नाही."

"मग कुणी केलं?" शिवकन्याचा आवाज चिरकला.

"ज्याला गाडी ढकलायची होती त्याने. गिअरमध्ये ती हलली नसती. जुनी सवय सगळ्यांना ठाऊक, म्हणून खपून जाईल असं वाटलं. चन्नप्पा, गिअर कशात सापडला ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

चन्नप्पाने ओठांवरून जीभ फिरवली.

"जागा विकू म्हणलं, ऐकंना," तो पुटपुटला. "घाटात गाठून डोक्यात दगड घातला."

संध्याकाळी शिवकन्याने गाडी कोसळली ते ठिकाण पाहायचं म्हटलं. परतताना घाटाच्या माथ्यावर पोलीस ड्रायव्हरने सवयीने न्यूट्रल केलं. आवाज एकदम बसला. चाकांची सरसर उरली.

तिने पुढची सीट घट्ट धरली. "भाऊ, गिअर टाका."

गाडी गुरगुरली. पायथा येईपर्यंत ती डोळे मिटून ऐकत राहिली.